रत्नागिरीला पहिल्यांदा येताय? आधी तिथी बघा

रत्नागिरीत येणारे पाहुणे निघण्यापूर्वी दोन गोष्टी हमखास विचारतात: कुठले बीच बघायचे आणि मासे कुठे चांगले मिळतात. भरती किती वाजता आहे, हे मात्र कुणीच विचारत नाही. इथला अख्खा दिवस तर भरतीच ठरवते. एकच किनारा सकाळी दहाला अरुंद पट्टीएवढा दिसतो आणि संध्याकाळी साडेपाचला क्रिकेटच्या मैदानासारखा पसरतो. म्हणून हॉटेल, गाडी, जेवण यांच्या आधी हे गणित समजून घ्या. बाकीचं त्याच्याभोवती आपोआप बसतं.

भरतीचं गणित

कोळीवाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब फार सोपा आहे. त्या दिवशीची तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. जो आकडा येईल, त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि रात्री तीनच्या सुमारास भरती. त्याच्या आगेमागे सहा तासांनी, म्हणजे सकाळी नऊ आणि रात्री नऊला पूर्ण ओहोटी. पंधरवडा शुक्ल असो वा कृष्ण, मोजणी प्रतिपदेपासूनच करायची. पौर्णिमा आणि अमावास्या पंधरावी धरली की सव्वाअकरा येतात. हिशेब ढोबळ आहे, अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो. नेमकी वेळ हवी असेल तर फोनवर रत्नागिरीचं भरतीचं वेळापत्रक मिळतं. पण भिंतीवरची दिनदर्शिका बघून प्रवासाची तारीख ठरवायला पाऊणपटीचा हिशेब पुरतो.

आता हाच हिशेब सहलीला लावून बघा. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास आलात तर पूर्ण ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास येते. सूर्य डिसेंबरात सहाच्या आसपास मावळतो, मे महिन्यात सातच्या. म्हणजे सूर्यास्ताच्या वेळी पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, रुंद, ओली आणि घट्ट असते. चालायला यासारखे दिवस नाहीत. या दिवसांत उधाणाची भरती असते. पाणी वर चढतं तेही खूप आणि मागे हटतं तेही खूप. अष्टमीच्या आसपास उलट. तेव्हा भांगाची भरती, चढउतार कमी, आणि पूर्ण भरती नेमकी संध्याकाळी सहाला. किनाऱ्यावर चालायला जागा कमी उरते. अशा दिवशी सूर्यास्त रत्नदुर्ग किल्ल्यावरून किंवा थिबा पॉइंटसारख्या उंचावरून बघा, वाळूवर जाऊ नका. भरती दर दिवशी सुमारे पाऊण तास पुढे सरकते, तेव्हा तीन दिवसांच्या मुक्कामात पहिल्या दिवशीची वेळ तिसऱ्या दिवशी चालत नाही.

कधी यावं आणि कसं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात सुखाचा काळ. मार्चमध्ये शिमगा असतो. ग्रामदैवत श्री देव भैरीची पालखी निघते आणि शहर रात्रभर जागं राहतं. ते अनुभवायचं असेल तर मुक्कामाची सोय फार आधी करा. एप्रिल-मे म्हणजे आंबा. ऊन आणि दमट हवा सोसायची तयारी हवी, पण अनेकांसाठी हापूसपुढे बाकी सगळं दुय्यम असतं. जून ते सप्टेंबर पाऊस. वर्षाला इथे तीन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो आणि त्यातला बहुतेक याच चार महिन्यांत. पावसाळ्यातली रत्नागिरी डोळ्यांना अप्रतिम असते, हिरवे सडे (कातळाची उघडी पठारं), धुकं, कौलांवरून सतत ठिबकणारं पाणी. पण त्या दिवसांत समुद्र फक्त लांबून बघायचा असतो.

रेल्वेने येत असाल तर स्टेशन शहरात नाही, कुवारबावच्या बाजूला आहे. तिथून पाचसहा किलोमीटर रिक्षाने किंवा एसटीने यावं लागतं. रिक्षात बसण्याआधी भाडं बोलून घ्या. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्यांचा वेग कमी ठेवतात, त्यामुळे तिकीट काढताना वेळ पुन्हा तपासा. रस्त्याने मुंबई-गोवा महामार्गावरचा हातखंबा तिठा ही खूण लक्षात ठेवा, तिथून शहराकडे वळायचं. कोल्हापूरकडून येणारे आंबा घाट उतरून येतात. घाट दिवसाउजेडी उतरावा. पावसाळ्यात तर नक्कीच.

मुक्काम शहरात करावा की गणपतीपुळ्याला, हा प्रश्न बहुतेकांना पडतो. पहिल्यांदा येणाऱ्यांनी शहरात राहावं असं मी सांगतो. इथून उत्तरेची आणि दक्षिणेची अशा दोन्ही वाटा सारख्याच हाताशी येतात, आणि शहरालाही स्वतःचा इतिहास आहे. पुळ्याला उतरलेले बरेच जण तो न बघताच परत जातात.

पहिला दिवस: शहर

सकाळ रत्नदुर्गाला द्या. लोक त्याला भगवती किल्लाही म्हणतात, कारण आत भगवतीचं देऊळ आहे. घोड्याच्या नालेच्या आकाराचा हा किल्ला तीन बाजूंनी समुद्रात शिरलेला आहे. शिवाजी महाराजांनी १६७० मध्ये तो घेतला. तटावरून चालत जा, घाई करू नका. एका बाजूला मिऱ्याचा डोंगर आणि बंदर, दुसऱ्या बाजूला मांडवी आणि भाट्याची खाडी, समोर मोकळं पाणी. दीपगृह वेगळ्या टेकडीवर आहे. याच भूशिरामुळे शहराच्या समुद्राची दोन नावं पडली, उत्तरेचा पांढरा समुद्र आणि दक्षिणेचा काळा समुद्र. वाळूचा रंग बघितलात की नावं समजावून सांगावी लागत नाहीत. पांढऱ्या समुद्राचा किनारा गेल्या काही वर्षांत खूप झिजला आहे आणि मिऱ्याच्या बाजूला दगडी बंधारा घालावा लागला आहे. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळात एक मोठं जहाज याच किनाऱ्याला येऊन लागलं आणि पुढे कित्येक वर्षं तिथेच पडून होतं. या पाण्याची ताकद कळायला तेवढं पुरे. किल्ल्याच्या पायथ्याशी भागेश्वराचं देऊळ आहे, उतरताना तिथे दहा मिनिटं थांबा.

किल्ल्यावरून उतरलात की मिरकरवाडा जवळच आहे. महाराष्ट्रातल्या मोठ्या मासेमारी बंदरांपैकी हे एक. सकाळी होड्या लागल्या की इथला लिलाव बघण्यासारखा असतो. वास, चिखल आणि धावपळ यांची तयारी ठेवा, कामाच्या लोकांच्या वाटेत उभं राहू नका, आणि कुणाचा फोटो काढण्याआधी विचारा. जून आणि जुलैमध्ये यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, तेव्हा बंदर शांत असतं आणि ताज्या मोठ्या मासळीची अपेक्षा धरू नये.

ऊन चढलं की छपराखाली जा. दुपारसाठी शहरात तीन ठिकाणं आहेत आणि ती याच क्रमाने बघावीत असं मला वाटतं.

पहिलं टिळक आळीतलं लोकमान्य टिळकांचं जन्मस्थान. २३ जुलै १८५६ ला टिळक इथे जन्मले. उतरत्या कौलांचं साधं कोकणी घर आहे, आता स्मारक म्हणून जपलेलं. ओटी, माजघर, अंगण नीट बघा. जुन्या रत्नागिरीतली घरं अशीच होती, आणि ती आता झपाट्याने कमी होत आहेत.

दुसरं पतितपावन मंदिर. सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्या काळात अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना देवळात पाऊल टाकायला बंदी होती. सर्व हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत जाता येईल असं देऊळ सावरकरांच्या प्रेरणेने भागोजीशेठ कीर यांनी स्वतःच्या पैशाने बांधून दिलं आणि १९३१ मध्ये ते खुलं झालं. देऊळ मोठं नाही. तिथे उभं राहून त्या वर्षाचा विचार करा, म्हणजे ते का बघायचं हे कळेल.

तिसरा थिबा राजवाडा, आणि इथे वेळ काढा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा १८८५ मध्ये इंग्रजांकडून हरला. इंग्रजांनी त्याला देशाबाहेर काढलं आणि १८८६ मध्ये कुटुंबासह रत्नागिरीत आणून ठेवलं. मंडालेच्या सिंहासनावरचा माणूस अरबी समुद्राच्या काठी, जिथली भाषाही त्याला येत नव्हती, तिथे तीस वर्षं राहिला. राजवाडा त्याच्यासाठी बांधला खरा, पण तो तयार झाला १९१० च्या सुमारास. १९१६ मध्ये थिबाचं निधन झालं, म्हणजे त्या वाड्यात त्याच्या वाट्याला जेमतेम सहा वर्षं आली. त्याची कबर रत्नागिरीतच आहे. मी या वाड्यात कितीही वेळा गेलो तरी वरच्या मजल्यावरच्या लाकडी अर्धगोल खिडक्यांपाशी रेंगाळतो. आत पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. सोमवारी बंद असतं, त्यामुळे शहराचा दिवस सोमवारी ठेवू नका. राजवाड्याच्या जवळच थिबा पॉइंट आहे. भाट्याची खाडी, पूल, राजिवड्याच्या होड्या आणि पलीकडची सुरूच्या झाडांची काळपट रेघ असं सगळं तिथून एका नजरेत येतं.

मुलं बरोबर असतील तर कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्रातलं मत्स्यालय झाडगावला आहे, तेही बघून घ्या. तिथला देवमाशाचा सांगाडा मुलांना फार आवडतो.

संध्याकाळी मांडवी. पोहण्याचा किनारा म्हणून नव्हे. काळी वाळू, जेट्टी, भेळेच्या गाड्या आणि फिरायला आलेलं अख्खं शहर असं इथलं चित्र आहे. रत्नागिरीकर कसे राहतात ते बघायचं असेल तर मांडवीवर तासभर बसा.

दुसरा दिवस: उत्तरेची वाट

साखरतरच्या पुलावरून सागरी मार्ग आरे, वारे, नेवरे करत गणपतीपुळ्याला जातो. अंतर साधारण २५ किलोमीटर. महामार्गावरून निवळीमार्गेही जाता येतं, पण पहिल्यांदा येऊन तो रस्ता घेतलात तर रत्नागिरीचा सगळ्यात सुंदर तुकडा हुकला म्हणून समजा. आरे-वारेच्या चढावर गाडी बाजूला घेऊन उतरा. एका डोंगराच्या दोन अंगांना दोन लांब पुळणी दिसतात, आणि पाण्याचा रंग दर तासाला बदलतो. वळणावर गाडी उभी करू नका, मागून एसटी येत असते.

आता नीट ऐका. आरे-वारे वरून जितका देखणा, तितकाच पाण्यात दगाबाज आहे. तळ अचानक खोल होतो आणि लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते. गणपतीपुळ्याचंही तेच. या दोन्ही ठिकाणी माणसं बुडाली आहेत. त्यातले बरेच बाहेरगावचे, तरुण, पोहता येणारे होते. नदीत किंवा तलावात पोहता येणं इथे कामाला येत नाही. म्हणून हे पाळा:

ओहोटी लागली की पाण्यात उतरू नका. पाणी बाहेर जात असतं आणि माणसालाही घेऊन जातं. संकष्टीला पुळ्याला प्रचंड गर्दी होते आणि दर्शनानंतर लोक संध्याकाळी चारपाचला पाण्यात शिरतात. पाऊणपटीने बघा, त्या दिवशी तीनला भरती संपून ओहोटी सुरू झालेली असते. तीच सगळ्यात वाईट वेळ. भिजायचंच असेल तर भरती चढत असताना, गुडघ्याच्या खाली, माणसांच्या नजरेत. अमावास्या-पौर्णिमेला ती वेळ सकाळची येते. दारू पिऊन पाण्याजवळ जाऊ नका. जीवरक्षकाने शिट्टी वाजवली की वाद न घालता बाहेर या. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे जोर लावू नका, दम तिथेच संपतो. किनाऱ्याला समांतर सरकत राहा, ओढ सुटली की मग आत या. दुसऱ्याला बुडताना बघून मागोमाग उडी घेणारेही बुडतात. दोर, ट्यूब, रिकामा कॅन, जे तरंगतं ते त्याच्याकडे फेका आणि ११२ ला फोन करा.

गाडी पुळणीवर नेऊ नका, हेही इथेच सांगतो. ओली वाळू घट्ट वाटते, पण चाक एकदा फिरलं की रुततं, आणि भरती कुणासाठी थांबत नाही.

गणपतीपुळ्याचा गणपती स्वयंभू आणि पश्चिमाभिमुख मानतात. मागची टेकडीच देवाचं रूप असल्यामुळे प्रदक्षिणा अख्ख्या टेकडीला घालायची, साधारण एक किलोमीटर. ती सकाळी लवकर घाला. फरसबंद वाट दुपारी तापते आणि चालायचं अनवाणी असतं. पुढे मालगुंड अगदी जवळ आहे. केशवसुतांचं जन्मगाव. त्यांचं घर जपलेलं आहे आणि शेजारी कवितेचं स्मारक उभं आहे. १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. मराठी वाचणाऱ्या माणसाने पुळ्यापर्यंत येऊन मालगुंड चुकवू नये.

वेळ उरला तर जयगड. शास्त्री नदी समुद्राला मिळते तिथला किल्ला, दीपगृह आणि कड्याखाली समुद्राला लागून असलेलं कऱ्हाटेश्वराचं देऊळ. जयगडहून तवसाळला फेरीबोट जाते, गाडी बोटीत घालून थेट गुहागरच्या वाटेला लागता येतं. परतायचं असेल तर आरे-वारेचा सूर्यास्त धरून निघा.

तिसरा दिवस: दक्षिण, आणि निवांतपणा

भाट्याचा पूल ओलांडला की गर्दी मागे पडते. भाट्याची पुळण सरळ, सपाट आणि सुरूच्या बनाला लागून आहे. चालायला हीच माझी सगळ्यात आवडती. काजळी नदी खाडी होऊन इथे समुद्राला मिळते, त्या मुखाजवळ मात्र पाण्यात जाऊ नका. टोकाला झरी विनायकाचं देऊळ आहे. रस्त्याच्या कडेला नारळ संशोधन केंद्र लागतं.

पुढे पावस. स्वामी स्वरूपानंदांची समाधी इथे आहे. १९७४ मध्ये त्यांनी देह ठेवला. परिसर विलक्षण शांत आहे, दुपारी खिचडीचा प्रसाद असतो. पावसजवळच गणेशगुळे. गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला, असं इथली माणसं म्हणतात. पुळण छोटी, स्वच्छ आणि बहुतेक दिवस रिकामी. तिथे दुकानं नाहीत म्हणून पाणी बरोबर घ्या आणि रिकामी बाटली बरोबरच परत न्या.

मुचकुंदी नदीच्या मुखावर पूर्णगडचा लहानसा किल्ला आहे, अर्ध्या तासात बघून होतो. खाडीपलीकडे गावखडी. इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि गावातली माणसं घरटी राखतात. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येणार असाल तर पिल्लं सोडण्याची वेळ आधी गावात विचारून घ्या. पिल्लांना हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही, आणि आपल्या पायाखाली काय आहे याकडे लक्ष ठेवायचं.

एक गोष्ट समुद्रापासून दूरची आहे, तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. रत्नागिरीच्या आसपासच्या जांभ्याच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. उक्षीला हत्ती कोरलेला आहे, चवे-देऊडला प्राण्यांच्या आकृती, आणि दक्षिणेला राजापूर तालुक्यात कशेळीचा प्रचंड हत्ती, ज्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी सामावले आहेत. २०२२ मध्ये कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आली. ती सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर बघावीत. तिरप्या उजेडात रेषांना सावली मिळते आणि चित्र उठून दिसतं, भर दुपारी नुसता कातळ दिसतो. रेषांवर पाय देऊ नका, खडूने त्या गिरवू नका. गावातलं कुणीतरी बरोबर घ्या, वाट सापडायला तेच बरं.

खाणं आणि बरोबर न्यायचं

मासे कुठले चांगले, या प्रश्नाला माझं उत्तर एकच: आज काय आलंय ते विचारा. सुरमई आणि पापलेट पाहुण्यांना ठाऊक असतात. ताजा बांगडा, तिसऱ्या (शिंपले) किंवा मोदकं नावाचे मासे मिळाले तर ते सोडू नका. जेवणाच्या शेवटी सोलकढी, आणि ती नारळाच्या दुधातली आहे ना, हे विचारून घ्या. शाकाहारी मंडळींची चंगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, ओल्या काजूची उसळ तेव्हाच मिळते. उकडीचे मोदक घरगुती खानावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवावेत.

हापूस घ्यायचा असेल तर थेट बागायतदाराकडून घ्या. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी रस्त्याच्या कडेच्या पेट्यांत परराज्यातला आंबा हापूस म्हणून विकला जातो. बाग बघायला मागा, बहुतेक जण आनंदाने दाखवतात, अढीत, म्हणजे गवतात पिकायला, घातलेला आंबाही दाखवतात. लांब जायचं असेल तर तयार फळ घेऊ नका, तीनचार दिवसांत पिकेल असं द्या म्हणून सांगा. इतर दिवसांत आंबापोळी, फणसपोळी, कोकम आगळ (कोकमाचा घट्ट रस) आणि काजू. आगळाची बाटली पिशवीत उभी ठेवा आणि झाकण दोनदा तपासा, कपड्यांवरचा तो डाग जात नाही.